नंबर सतरा

फतेगंजच्या प्रयोगशाळेत मी तांबर माशाच्या पराचे
नखाएवढे तुकडे स्पिरिटमध्ये ठेवते.
चिठ्ठीवर पेन्सिलनं: मही, वासद. नर्मदा, चांदोद.
शाई स्पिरिटात विरघळते, हे पहिल्याच वर्षी कळलं.

शेजारच्या कोकिलाबेन जिन्यातच विचारतात,
"हाथ धोईने आवी ने?"
धुऊनच येते. तरी वास येतो थोडा.

हॅचरीच्या साठ माशांच्या पट्ट्या
जेलवर कवायतीला उभ्या.
चार माद्या, दोन नर, अकरा वर्षं:
तळ्यातली सगळी जत्रा एकाच घरातली.

महीवर माझी भिस्त होती.
रमणभाई माछींनी पहाटे जाळं ओढून
स्वतः निवडून दिलेले, "असल नदीना, बेन."
त्यांच्याही पट्ट्या
तशाच.
पुराच्या साली वरच्या तळ्यांचे बांध फुटले होते.
फोनवर हे सांगवेना.
म्हटलं, मासे छान होते, रमणभाई.

चांदोदचा एक, नंबर सतरा,
पाठीचा पर जरा फाटका,
त्याची पट्टी दोन तांदूळ खाली.
माझाच हात चुकला असेल म्हणून
तीनदा जेल चालवलं.
तिथेच.

घरी सांगायला गेले तर आई
पुण्याच्या मावशीशी फोनवर भांडत होती:
"चार पिढ्या आम्ही खिडकीला बारीच म्हणतो.
चुकलं कसं? आमचं आहे ते."

थांबले दारात.
मग हात पुन्हा धुतले
आणि बारी उघडली.