चौथी प्रत

प्राध्यापक वेंट यांच्या हस्तलिखिताला
सदुसष्टच्या हिवाळ्यापासून चार प्रती लागू लागल्या.
एक त्यांना, एक लायब्ररीला, एक फाउंडेशनला,
आणि चौथी.
चौथीचं विचारू नकोस, असं कुणी सांगितलं नव्हतं.
मीच विचारलं नाही.

ओहायोतली थंडी. रेडिएटर रात्रभर खोकलेल्या म्हाताऱ्यासारखा.
चार कागद, मध्ये तीन कार्बन, कडा जुळवून रोलरमध्ये घालायचे
आणि टाईप करायचं थायलंडच्या उत्तरेकडचं एक गाव
जे मी कधी पाहिलं नाही.
छत्तीस घरं. प्रत्येकाला क्रमांक.
घर अकरा : ना-शी, विधवा. दोन डुकरं, एक माग.
धाकटा चा-लो डोंगरापलीकडे असतो,
रात्रीचा येतो, कधी ते सांगत नाही.
घर बारा : तिचा भाऊ, एका पायानं अधू.
भिंती बांबूच्या. त्यांना वेगळे कान कशाला हवेत,
सगळं आरपार ऐकू येई.
ओहायोपर्यंत.

आमच्याकडे सगळ्यांना मिळून एकच शब्द, अंकल.
तिथं आईच्या भावाला वेगळा, बापाच्या भावाला वेगळा,
आत्याच्या नवऱ्याला तर लहानथोर पाहून दोन.
ते शिकायला प्राध्यापक दोन वर्षं ना-शीच्या चुलीपाशी बसले.
तापात तिनं त्यांच्या कपाळावर पाला बांधला,
मुलगा म्हणाली,
आणि मुलाला सांगतात तसं सगळं सांगितलं.

ते वाईट नव्हते. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचंय.
मजकूर सांगताना तिचं नाव आलं
की चष्मा काढून पुसायचे, पुसलेला असला तरी.

मिस्टर कॉलवेल यायचे पहिल्या गुरुवारी.
बर्फाचे बूट दाराशी काढून, जोडीनं ठेवून.
माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी.
मग एवढंच : घरांचे क्रमांक नकाशाशी जुळतात ना?
जुळतात, मी म्हणायचे.
कामात माझ्या चूक नसे.

फेब्रुवारीत एकदा अकरावर आले
आणि बोटं थांबली.
पर्समध्ये किराणाची यादी होती, लांब, अरुंद.
ती शेवटच्या कार्बनच्या मागे सरकवली
आणि टाईप केली खालची सगळी आळी,
अकरा ते सोळा.
वरच्या तीन प्रतींत आळी नांदत राहिली.
चौथीवर नुसता पांढरा पट्टा.
यादीवर मात्र, अंडी, साबण, शिवणाच्या सुया यांच्यावर,
निळसर, पुसट :
ना-शी, विधवा. दोन डुकरं, एक माग.

गुरुवारी मिस्टर कॉलवेल यांनी पानं चाळली.
आभार मानले. बूट घातले.
त्या रात्री मी दोनदा वाढून घेऊन जेवले.

एकतीस वर्षांनी कागद खुले झाले.
वाचनकक्षात पेन्सिलखेरीज काही नेऊ देत नाहीत.
चौथी प्रत मी स्पर्शानं ओळखली,
माझा 'र' नेहमी जरा वर उडायचा.
पांढऱ्या पट्ट्याच्या समासात कुणीतरी
सुवाच्य, शाळामास्तरी अक्षरात लिहिलं होतं :
वस्ती नाही.
सोबतच्या नकाशावर त्या जागेभोवती
लाल गोल, आणि एक तारीख.

पुढचं पान डब्यात नव्हतं.
ग्रंथपाल मुलगी म्हणाली, बऱ्याच डब्यांत नसतं.

असंही असेल की ते आधीच निघाले असतील,
भावाला पाठीवर घेऊन, माग मोडून, डुकरं हाकत,
चा-लो पुढे.
असं मी रोज एकदा म्हणते, साधारण चहाच्या वेळी.

प्राध्यापकांच्या नावाचं सभागृह आहे आता,
खुर्च्या चांगल्या आहेत.
यादी माझ्याकडे आहे.
कार्बन हाताला लागतो अजून,
अंडी कुठली नि माणसं कुठली
दिवसाउजेडी वाचता येतं,
संध्याकाळी नाही.