समोरचं दार

चाळीस वर्षं ते दार माझ्या दारासमोर.
मधे एक गटार, गटारीवरची फरशी
आणि तंबाखूच्या वखारीकडं जाणारे टेम्पो.

त्या दारातल्या चपला मला पाठ.
कुणाची टाच झिजलेली,
कोण घाईत एक उलटी टाकून आत जातो,
आणि एक जोड, अंगठा शिवलेला,
तो पायरीच्या कडेला दिसला
की मी इकडं तव्यावर भाकरी टाकायचे.
सहा वर्षं झाली, तो जोड दिसत नाही.

आतलं सगळं मला ऐकून माहीत.
ते घरी येऊन सांगायचे,
तिसऱ्या खांबापाशी उभा असतो मी,
वरचा पंखा कटकट करतो,
सजद्यात गेलं तरी कटकट.
मी विडीची पानं कातरता कातरता म्हणायचे,
तेल घाला की त्याला.

यंदा जमातीनं ठरवलं,
निपाणीतल्या सगळ्यांना मशीद दाखवायची.
आत काय असतं, काय नसतं,
येऊ देत, बघू देत, सरबत घेऊ देत.

धर्मावरनं कुणी भांडलं नाही.
भांडण झालं बोर्डावरनं.
वर मराठी की वर कानडी?
दोन रात्री कमिटी बसली.
"निपाणीत राहून वर कानडी?"
"मग लाइटबिल कुठल्या भाषेत येतंय तुझं?"
दस्तगीर बागवानांनी कप आपटला, चहा सांडला.
शेवटी दुंडाप्पा पेंटरनं दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं
आणि जागा पुरेना म्हणून
खाली उर्दू, मुंगीएवढी.

रविवारी दहाला रत्नाबाई मगदूम आल्या,
बस्तीतनं थेट, कपाळावरचं गंध अजून ओलं.
मागं नीलव्वा, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग,
आणि शेवंता, जिच्याबरोबर मी वीस वर्षं
एकाच कारखान्यात विड्या मोजून दिल्या.

"चल मेहरून, तुमची मशीद दाखव आम्हाला."

तुमची.
पदर डोक्यावर घेतला, तो हात तिथंच राहिला.
यांना कसं सांगू,
मला यातलं तुमच्याएवढंच ठाऊक.

दारात कुणी अडवलं नाही.
आज बायकांना आत सोडत होते,
पाहुण्या म्हणून.
मी चप्पल काढली. कुठं ठेवावी कळेना.
मग ठेवली पायरीच्या कडेला,
तिथली जागा रिकामीच होती.

आत काही नव्हतं.
म्हणजे गार फरशी, ओळीनं सहा घड्याळं,
लांबच लांब चटया,
आणि भिंतीत एक रिकामा कोनाडा.
नीलव्वानं हळूच विचारलं, "देव कुठं हाय गं?"
मीही मान वळवून तेच बघत होते की काय.
मौलवी पोरगेलासा. म्हणाला,
"मूर्ती नाही मावशी, फक्त दिशा आहे."
"बरं हाय," शेवंता म्हणाली,
"चोरीला तर जायची न्हाई."
मौलवीसुद्धा हसला.

मग रत्नाबाईंनी विचारलं,
बाजारात वांग्याचा दर विचारावा इतकं सरळ,
"आणि यांच्यातल्या बायका कुठं बसतात?"

मौलवीचा हात दाढीवर गेला.
बागवान खोकले.
कुणीतरी म्हणालं, सरबत आणा रे.

त्या गप्पपणात मला ऐकू आलं.
कटकट.
मी खांब मोजले. एक, दोन.
जाऊन त्याच्याखाली उभी राहिले.
तेल कुणी घातलंच नव्हतं.

किती वेळ गेला, काय माहीत.
रत्नाबाईंनी काही न विचारता माझं कोपर धरलं,
गेल्या साली बस्तीच्या पायऱ्यांवर
मी त्यांचं धरलं होतं, तसंच.

बाहेर निघताना एक पोरगा,
हुक्केरीकडचा, गावात नवा,
प्रत्येकीला गुलाब आणि पेढा देत होता.
मलाही दिला.
साडी चौघींची सारखी, बोलणं सारखं,
त्याला कसं कळावं.
"मावशी," तो म्हणाला, अगदी मनापासून,
"परत या हं."

घर समोरच. सात पावलं.
मी पेढा पदराला बांधला,
पायरीच्या कडेची चप्पल पायात सरकवली
आणि म्हणाले,
येते.