साडेतीनशे फुटांवर

चिमणीच्या कडेने पिंजऱ्याएवढी एक लिफ्ट जाते.
दर मंगळवारी मी तिच्यातून वर,
साडेतीनशे फुटांवर, जिथे आमचं यंत्र
धुराची नाडी धरून बसलेलं असतं.
नळी पुसायची, सिलिंडरमधला ठरावीक वायू
त्याला हुंगायला द्यायचा
आणि विचारायचं, खरं बोलतोस ना?
अकरा वर्षांत एकदाच खोटं बोललं ते,
जानेवारीत, नळीत बर्फ धरला म्हणून.

वरून कॉर्ली बेंड दिसतं. नदीच्या कोपरात ठेवलेलं गाव,
कोळशाचे तराफे, प्लँटच्या करातून झालेलं
शाळेचं नवं छप्पर,
व्हर्लिन कॅस्टोची हिरवी पिकअप.
गावातले लोक पांढऱ्या ढगाकडे बोट दाखवून
पाहुण्यांना सांगतात, तो बघा धूर.
तो धूर नव्हे. वाफ आहे ती. नुसतं पाणी.
भांडण ज्याच्यावरून आहे
ते दिसतच नाही.

फेब्रुवारीत चार्ल्सटनला समितीपुढे बोलावलं.
सोनेरी घुमट बाहेर थंडीत,
आत हीटर इतका की खिडकी उघडावी लागली.
विधेयक दीड पानाचं :
वॉशिंग्टनचा कार्बनचा नियम या राज्यात लागू करण्यासाठी
कोणत्याही खात्याने आराखडा करू नये,
करायला घेऊ नये, कोणाकडून करवून घेऊ नये,
त्यावर पैसा खर्चू नये, वेळही खर्चू नये,
सभागृहाने आधी होय म्हटल्याखेरीज.
दीड पानात ‘नये’ नऊ वेळा. मी मोजले.
मोजण्याचाच पगार घेते मी.

आमदार स्किन्स छान बोलले. खरंच छान.
आजोबांचा खाणीतला कंदील त्यांनी टेबलावर ठेवला होता,
काच तडकलेली.
म्हणाले, त्यांच्या दिव्यांना आम्ही शंभर वर्षं उजेड पुरवला,
आता ते आमच्याकडे काजळीचा हिशेब मागतात.
मागच्या रांगेत व्हर्लिनने टाळ्या वाजवल्या.
मध्येच त्याला खोकला आला,
टाळ्या थांबल्या नाहीत.

मग माझी पाळी. मिसेस... आणि ते अडखळले.
घळसासी, मी म्हटलं.
बरं. तुमचा प्लँट नियम मोडतो का?
नाही. आज जे आहेत ते सगळे पाळतो.
हसले. आभारी आहोत, बस्स एवढंच.
माझ्या मांडीवर एक कागद होता,
त्यावर एकच आकडा, काल मध्यरात्रीपर्यंतचा, टनांत.
कोणी विचारला नाही.
मीही दिला नाही. खाल्ल्या मिठाला जागले म्हणा,
नाहीतर घराचे अठरा हप्ते उरलेत म्हणा.

आवाजी मतदान झालं. होय, होय, होय.
एक बाई नको म्हणाल्या, तेव्हा
कोणीतरी खिडकी लावत होतं.

परतताना व्हर्लिन माझ्याच गाडीत.
पहिले वीस मैल बास्केटबॉल.
मग म्हणाला, कागदावर काय होतं गं?
सांगितलं.
पूल आला, गेला.
मोठा आहे हा आकडा?
कशाच्या मानाने, मी विचारलं.
त्याने स्वतःचे हात पालथे करून पाहिले.
एकतीस वर्षं बॉयलरला घास भरवतोय मी, म्हणाला,
किती राख निघाली ते ठाऊक आहे, किती वीज गेली तेही.
वर किती गेलं हे
कोणी बोललंच नाही माझ्याशी.
आवाजात भीती होती की अभिमान,
त्याचं यंत्र माझ्याकडे नाही.

राज्यपालांची सही सोमवारी झाली.
मंगळवारी मी वर गेले. वारा होता.
यंत्राला कायदा कोणी वाचून दाखवलेला नव्हता,
ते आपलं तासातासाला लिहीत होतं.
नळी पुसली. सिलिंडर उघडला. खरं बोलतोस ना?

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.
खालून व्हर्लिन. आज किती?
मी सांगू लागले.
थांब, म्हणाला,
पेन्सिल शोधतो.