कशी आहे?

न्येमोच्या वळणावर ट्रक थांबवला तो इंजिन तापलं म्हणून.
उदबत्ती घ्यायची डोक्यातही नव्हती.

खाली ओढ्यावर पाणचक्क्या.
आसाला बांधलेला सायप्रसचा ओंडका
ओल्या दगडावर पुढे-मागे, पुढे-मागे,
दिवसभर, हट्टी पोरासारखा.
झिजून त्याचा लगदा होतो, विटेच्या रंगाचा.

पेल्दोनबाई अंगणात बसलेली, पुढ्यात फळी.
हातात याकचं शिंग, टोकाला भोक.
अंगठ्याने दाबलं की शेवयांसारखी धार,
पण सरळ. एकीला लागून एक,
जणू कोणी वहीवर ओळी आखतंय
आणि लिहायचं विसरतंय.

"आत काडी कुठाय?"
"काडी दुकानातलीला. हिला कणा लागत नाही."

आणि मी घेणारच असं धरून सांगत सुटली:
उभी खोचू नकोस. मोड. बोटभर पुरे.
वाटीत चाळलेली राख घे, तिच्यावर आडवी निजव,
आजाऱ्याला निजवतात तशी.
पेटली की फुंकायचं नाही,
तोंडातून सकाळपासून काय काय गेलेलं असतं.
हाताने वारा घाल.
पहिला धूर तुझा नव्हे, जे दिसत नाहीत त्यांचा.
उरेल तो तुझा.
खिडकी? उघडी ठेव की. कोंडला तर धूर रुसतो.

मी एक उचलून नाकाशी नेली.
"सांग," ती म्हणाली. शिंग थांबलं. "कशी आहे?"
"छान."
"छान काय? छान तर चहासुद्धा असतो."

पुन्हा हुंगली. लवंग. जटामांसी बहुतेक.
आणि मग काहीतरी, ज्याचं नाव मला येत नव्हतं:
थंडीचे कपडे काढताना आईची पेटी,
तळाशी वडिलांचा एकच हातमोजा.
हे मी मोठ्याने बोललो. का, कोण जाणे.

बहिरं माणूस ओठांकडे बघतं
तशी ती ऐकत होती.

सुनेने पैसे मोजून घेतले, फाटकापर्यंत आली.
"सात वर्षं झाली, त्यांना वास येत नाही.
भुकटीने नाक गेलं.
चिमूट जिभेवर ठेवून अंदाज घेतात,
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात."

इंजिन कधीच गार झालं होतं.

शिगात्सेच्या खोलीत राख कुठली?
शेगडीतली घेतली, पेल्यात पसरली.
मोडली, निजवली, पेटवली,
सवयीने गाल फुगवलेही,
आणि तसाच बसलो, तोंडात वारा धरून,
मग हात हलवला.

सकाळी पेल्यात एक पांढरी रेघ,
बोटाएवढी, कुठेही न मोडलेली.

परतीच्या घाटात जुळवत होतो,
या खेपेला तिला काय सांगायचं.
हातमोज्याच्या पुढे काही सुचेना.
वळण आलं.
इंजिन ठीक होतं, तरी थांबवला.