दोन वाजता, दरवाजापाशी

हॉटेलातल्या पोऱ्यानं फोनवर ठरवून दिलं होतं:
गाईड दोन वाजता, किल्ल्याच्या मोठ्या दरवाजापाशी.
मी जेवून, डुलकी काढून,
दोनला पाच कमी असताना पोचले.
कोपरांवर ठिगळं लावलेल्या कोटातला एक माणूस
पायरीवर बसून भाजलेलं जव खात होता.
उठला, तळहात झटकले.
"मी अस्मामाव. सकाळपासून इथेच आहे."

गोंदारमध्ये घड्याळ सूर्याबरोबर उठतं.
उजाडून एक तास झाला की एक,
दोन तास झाले की दोन.
आपले सकाळचे आठ, ते त्यांचे दोन.
म्हणजे सहा तास हा माणूस
भिंतीची सावली आखडत भिंतीखाली जाताना
बघत बसला होता.

मी माफी मागू लागले.
"राजे काय पळून चाललेत?" म्हणाला,
आणि मग तो विनोद, जो तो रोज करत असणार:
आमचं पंचांग सात-आठ वर्षं मागे,
इथे उतरल्याबरोबर तुम्ही तरुण झालात, बाई.
आज हसण्याचं माझ्याकडे लागत होतं.
हसले.

हा बापाचा महाल. हा मुलाचा. तो पलीकडे नातवाचा.
बापाच्या घरात कुणाचाच जीव रमला नाही,
दर पिढीला नवा चुना, नवा बुरूज.
नातवाच्या महालाला आता आभाळाचं छत.
आत इटालियन शिरले होते, वरून इंग्रजांनी बॉम्ब टाकले.
"भांडण त्यांचं," अस्मामाव म्हणाला, "छप्पर आमचं."
हे वाक्य मात्र पाठ केलेलं वाटलं नाही.

सिंहांच्या पिंजऱ्यापाशी तो अचानक गप्प झाला.
दगडी खोली, गंजका गज, आत एक प्लास्टिकची बाटली.
लहानपणी यांचं घर भिंतीच्या मागच्या अंगाला.
शेवटचा सिंह पहाटे खोकायचा.
"गर्जना नाही हं, खोकला.
आई म्हणायची, उठ, म्हातारा उठला."
आणि तो तसा खोकून दाखवू लागला,
दोनदा, तोंडावर मूठ धरून,
तेव्हा वडाएवढ्या झाडावरून कबुतरं उडाली.

खाली रस्त्यावर त्यानं हाक मारली: "बजाज!"
आणि आमच्या आकुर्डीचं एक आडनाव
निळं होऊन, फटफटत, चढ चढत आलं.
चालवणारा देस्ताव. त्याला म्हटलं, ही माझ्या गावाकडची.
त्यानं मला नीट न्याहाळलं
आणि पुढच्या चाकाची तक्रार सांगितली.

देवळात छतभर देवदूतांची तोंडं,
धड नाही, नुसती तोंडं आणि पंख,
कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे खाली.
किती आहेत?
"आकडा फलकावर आहे. मी उताणा पडून मोजायचो,
साठाच्या आसपास झोप लागायची,
पुजारी कान धरून उठवायचे."
मीही सुरुवात केली. मान भरून आली.

शेवटी त्याच्या बहिणीच्या, वुबितच्या ओसरीवर.
तिनं बिया आमच्यासमोर भाजल्या, धूर हातानं माझ्याकडे लोटला.
तीन कप घ्यावेच लागतात.
पहिला कडू, दुसरा कमी कडू,
तिसऱ्याला आशीर्वाद म्हणतात, तो जवळजवळ पाणी.
समोर बुरुजांवरचं ऊन निघून चाललं होतं.
अस्मामावनं मनगट वळवलं
आणि समाधानानं म्हणाला, "बारा वाजले."

मला हसू फुटलं.
का, म्हणाला.
काय सांगू? आमच्याकडे बारा वाजले म्हणजे
धंदा बुडाला, संसार मोडला, राज्य गेलं.
त्यानं ते बहिणीला अम्हारीत सांगितलं.
ती रिकामा कप उपडा करून पुसत राहिली,
मग काहीतरी बोलली.
"म्हणते, राज्य गेलंच की. पण बारा म्हणजे
दिवस पुरता भरला, एवढंच."

पैसे देताना मी सकाळचे सहा तासही धरले.
त्यानं ते मोजून परत दिले.
"तेव्हा मी काही दाखवलं नव्हतं."
एक नोट मात्र ठेवली, जवाची.