पीळ

शनिवारी हेतवी पारेख दारात उभी,
बगलेत ती फळी: "काका, बेरिंग बोले छे."
बोलतच होतं. कोरडं, वाळू चावल्यासारखं.
मकरपुऱ्यात लेथवर एकतीस वर्षं काढली,
बेरिंगची भाषा मला मराठीपेक्षा बरी येते.
मराठी आमची तशीही
अर्धी गुजरातीत भिजलेली.

ओट्यावर उलटी करून पाहिली.
फळी एक नव्हे, दोन.
मधे कंबर, आत पोलादी दांडा.
पुढची डावीकडे कलवा, मागची उजवीकडे,
दांडा पिळला जातो.
सोडा, उलगडतो.

खाली चाकं दोनच, एकामागे एक,
दवाखान्यातल्या स्ट्रेचरला असतात तशी फिरती.
पण स्ट्रेचरच्या चाकाचा खिळा उभा असतो,
ते बिचारं ढकलाल तिकडे जातं.
इथे खिळा तिरपा, पायथ्याकडून मागे सरकवलेला.
म्हणजे चाकाला वळायचं तर
वरच्या माणसाला केसभर उचलावं लागणार,
आणि माणसाचं वजनच
त्याला पुन्हा सरळ आणून सोडणार.
ज्यानं हा कोन काढला
त्याला माझ्याकडून एक कटिंग.

बेरिंग रॉकेलमध्ये धुतलं, ग्रीस भरलं.
परत देणार होतो, खरंच.
पण रात्री साडेदहाला
मांजलपूरच्या आमच्या पार्किंगमध्ये कुणी नव्हतं.

सगळं समजून मी पडलो.
दोनदा. दुसऱ्यांदा पारेखांच्या कुंडीवर.
उभं राहिलं की ती फळी राहू देत नाही,
चाललात तरच तोल.

कालिंदी गॅलरीतून बघत होती, किती वेळ कोण जाणे.
"गच्चीवर चादर पिळतोस ना माझ्याबरोबर?
तू तिकडून, मी इकडून, उलट्या हातांनी.
तसं पिळ. पायांनी."

पिळलं.
पुढची टाच खाली, मागचा चवडा खाली,
मग उलट, मग परत उलट,
आणि कुणी ढकलत नसताना,
पाय जमिनीला लागत नसताना,
फरशीच्या फटी एकेक करून
तळव्याखालून जाऊ लागल्या.
गुडघे माझे, खांदे माझे,
मधलं कंबरेचं काय चाललंय ते मला ठाऊक नाही.
मासोळीला तरी कुठे ठाऊक असतं.
बेरिंग गप्प.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
आई मला म्हणायची, रागानं.
तिला दाखवायला हवं होतं
की पिळावरच तर चालतंय हे सगळं.

"पग सामे नहीं जोवानुं!"
वरच्या खिडकीतून हेतवी. झोपली नव्हतीच.
मी वर पाहिलं.
फळीला ब्रेक नसतो
हे पारेखांच्या ॲक्टिव्हानं सांगितलं.

जिन्यावर पावलं वाजली.
कालिंदीनं चपला भिंतीशी काढल्या,
गाऊनवरची ओढणी कमरेला आवळली,
म्हणाली, "उतर.
आणि हात दे. नको, राहू दे.
हात नको."