वैरण धरून

राजारामपुरीत, अकराव्या गल्लीत,
मगदूमच्या काचेच्या काउंटरवर दोन डबे.
एक हिरवा, एक लाल.
तीन महिने झाले, दोघांनाही ओळखतो मी.
फ्रेम किती, मेमरी किती, तापतं किती,
कुठल्या गेममध्ये कोण धापा टाकतं.
परीक्षेला एवढं पाठ असतं
तर आज बँकेत चिकटलो असतो.

आबा सोबत होते,
कारण पैशात एक रेडी होती, मागच्या महिन्यात विकलेली.
गंगावेशीच्या कट्ट्यावरून थेट आलेले,
हाताला धारेचा वास.
बाहुबली मगदूमनं खुर्ची पुसून दिली.
"मामा, पोरगी गेम खेळती का?"
"तिला इचार. मी जनावर बघाय आलोय."

(रात्री हेडफोनवर "थांबा, आलो" म्हणलं
की पुण्याच्या पोरी विचारतात, तू मुलगा आहेस का.
मी सांगतो, न्हाई, कोल्हापूर आहे.)

आबांनी हिरवं हातात घेतलं, वजन केलं,
उलटं केलं, पंख्याला बोटानं हलकी टिचकी दिली.
"खाती किती?"
दोनशे वॅट, मगदूम म्हणाला. लाल तीनशेला टेकतं.
कार्ड नपुंसकलिंगी, पण आबांनी म्हशीत घेतलं ते.
"आणि देती किती?"

आता माझी पाळी.
लाल जरा जास्त देतं, मेमरी सोळा, वर सात हजारांनी स्वस्त.
हिरव्याची बारा. पण हिरव्यात उजेड खरा पडतो, आबा.
म्हणजे पाण्यात दिवा दिसतो.

"पाण्यात दिवा दिसायला कार्ड लागतंय?"

मगदूम हसला. मी काचेवरचा ठसा पुसत बसलो.

तेवढ्यात त्यानं ड्रॉवरमधून तिसरं काढलं,
इचलकरंजीच्या कुणाचं तरी वापरलेलं, निम्म्या किमतीत.
कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत दोन वर्षं
न झोपता नाणी काढत होतं म्हणे.
आबांनी ते नाकाशी नेलं.
"पिळून घेतल्याली हाय ही. आत ठेव."

मग हिशेब, बिलबुकाच्या पाठीवर.
लाल एक्कावन्न, हिरवं अठ्ठावन्न.
"वैरण धरून कर," आबा म्हणाले.
तेव्हा कुठं मला आठवलं,
घरचा एसएमपीएस पाचशे पन्नासचा,
लालला तो पुरणार नाही,
नवा साडेसहा हजारांचा.
तीन महिने एवढं पाठ केलं आणि हेच राहिलं.

उरले पाचशे.
"पाचशेत पेंडीचं पोतंबी येत न्हाई," आबा म्हणाले,
"तुला कुठली पायजे ती घे."

हिरवी, मी म्हणालो.
का, ते विचारलं नाही त्यांनी.
तरी मी लाइटबिलाचं कारण पुढं केलं.

गाडीवर डबा मांडीत धरून बसलो,
दसरा चौकातला प्रत्येक खड्डा
आधी पोटानं झेलला.

पहाटे साडेतीनला मी अजून खेळतच होतो.
मागं बादलीची कडी वाजली.
पडद्यावर कुठल्यातरी परदेशातली ओली गल्ली,
फरशीवर डबकं,
डबक्यात खांबावरचा पिवळा दिवा.
मी माझ्या माणसाला तिथंच उभा केला,
बंदूक खाली करून.
एक पाऊल मागं घेतलं, दिवा सरकला.
एक पाऊल पुढं, दिवा परत आला.

आबा काही बोलले नाहीत. गेले.

बराच वेळ धारेचा आवाज येईना.
खिडकीतून बघितलं:
हौदाशी वाकून उभे,
पाण्यात गोठ्याची पांढरी ट्यूब लांबच लांब पडलेली.
एका बोटानं ती मोडत होते
आणि परत जुळायची वाट बघत होते.
मागं म्हैस हंबरत होती, तिकडं लक्ष नाही.

दूध घेऊन निघताना दारातून म्हणाले,
"गोठ्यात परत पिवळा बल्ब लावूया.
ही ट्यूब काय खरी न्हाई."